भिंतीपलीकडची रेकॉर्ड

औषधवालीने नेहमीसारखं गुणगुणून दाखवलं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून घेतले. चढत जाणारे चार-पाच सूर, मग एक लांब उतार. तिथे ती थांबायची. पुढचं आठवत नाही म्हणायची.

"व्हायोलिनच ना नक्की?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"व्हायोलिनच. पण शेजारच्या घरातलं. मी लहान होते, भिंतीला कान लावून ऐकायचे. रेकॉर्ड कधी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. आता नाहीच मिळायची बहुतेक."

मास्तर मान खाली घालून चहाच्या कपात बघत राहिले. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले शिंपी. साऱ्या गावाच्या कंबरेचं माप त्यांना ठाऊक, पण स्वतःच्या मनात काय आहे ते कोणाला कळू देतील तर शपथ. मंडळी औषधवालीला ताई म्हणत. मास्तरांचं मात्र वर्षभर 'अहो' आणि 'तुम्ही' यांवरच भागत होतं.

दर शनिवारी संध्याकाळी दवाखाना बंद झाला की चौघं तिथेच बसत. लवंगेच्या तेलाचा वास, एकच पिवळा दिवा, ओढून गोल केलेल्या खुर्च्या. दिवसा ज्या खुर्च्यांत लोक गाल धरून बसत, त्यांतच संध्याकाळी ही मंडळी तरंगत असत. आळीपाळीने एकेकाने आपला आवडता अल्बम आणायचा. कव्हर घरी ठेवून रेकॉर्ड कापडी पिशवीत आणायची, ती स्वतः न लावता शेजारी बसलेल्याच्या हाती सोपवायची, आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत कोणी अक्षर काढायचं नाही. नाव आधी कळलं की माणूस कानांनी ऐकत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत की दिवसभर लोकांना तोंडं उघडायला लावून यांना आता ती बंद झालेली हवी आहेत.

औषधवाली पहिल्यांदा आली तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं. ही एवढी एक रेकॉर्ड शोधायला आलेय, ती मिळाली की तुम्हाला त्रास द्यायची नाही. सगळे हसले होते. मास्तर हसले नव्हते.

आणि ती रेकॉर्ड गेले कित्येक महिने मास्तरांच्याच दुकानात, कोटाच्या कापडाखाली लपून बसली होती.

जुन्या सामानाच्या दुकानात ती त्यांना अवचित सापडली. घरी येऊन दार लावून त्यांनी 'बाजू पहिली' लावली, तर भलतंच काहीतरी वाजलं. हिरमुसून त्यांनी दुसरी लावली आणि ते चढते सूर खोलीभर पसरले. मास्तरांच्या काळजात चर्र झालं. दुकानदाराकडे परत गेले तेव्हा तो हसला. या रेकॉर्डच्या झाडून सगळ्या प्रतींवर लेबलं उलटी चिकटली आहेत, म्हणाला, सुरुवात दुसऱ्या बाजूने करायची. ज्याच्या घरी ती आहे त्यालाच हे ठाऊक.

रेकॉर्ड द्यावी तर ही यायची बंद होणार. न द्यावी तर दर शनिवारी हिचा तो अर्धवट सूर ऐकायचा आणि मूग गिळून बसायचं. मास्तर महिनोन्‌महिने मूग गिळून बसले. पण आजचं तिचं 'नाहीच मिळायची' त्यांना सोसवलं नाही. बाईचा जीव त्या सुरांत अडकलाय, आणि आपण तो कापडाखाली दाबून ठेवलाय. त्यांना स्वतःची लाज वाटली.

पुढच्या शनिवारी पाळी त्यांचीच होती. औषधवाली शेजारी बसली होती. मास्तरांनी न बोलता पिशवी तिच्या हातात दिली. लेबलांचं आधी सांगून ठेवायला हवं होतं, पण ते त्यांच्या ध्यानातच नव्हतं. ती उठली, रेकॉर्ड दिव्याखाली धरून क्षणभर पाहिली, हलक्या हाताने यंत्रावर ठेवली आणि सुई टेकवली.

चढते सूर. मग तो लांब उतार.

वहिनींनी चमकून डॉक्टरांकडे पाहिलं. औषधवालीने डोळे मिटले होते. व्हायोलिन आपल्याच नादात खोलीभर फिरत राहिलं, खुर्च्या, पडदे, काचेचं कपाट सगळं हळूहळू पाण्यात उतरल्यासारखं झालं, आणि मास्तरांना वाटलं, हा शेवटचा शनिवार असेल तर असू दे, एवढा मिळाला हेच पुष्कळ. मधे एकदा ती उठली, रेकॉर्ड उलटून पुन्हा जागेवर बसली. तिचे गाल ओले होते.

सुई थांबली.

"हीच ना, ताई?" वहिनींनी हळूच विचारलं.

औषधवाली बराच वेळ मास्तरांकडे पाहत राहिली.

"नाही हो," ती म्हणाली. "जवळपास आहे. पण ही नव्हे."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. वहिनी म्हणाल्या, पुढची पाळी माझी, मी बघते कुठे मिळते का. औषधवालीने ओढणी सावरली, दारातून वळून म्हणाली, "मास्तर, याल ना पुढच्या शनिवारी?" आणि पायऱ्या उतरून गेली.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आपलीच ऐकण्यात चूक झाली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. भिंतीआडून सूर वेगळे लागत असतील. मग ते रेकॉर्ड पिशवीत घालायला यंत्रापाशी गेले. ती थांबली होती तशीच होती, शेवटी वाजलेली बाजू वर.

तिच्यावर 'बाजू पहिली' असं छापलेलं होतं. तिने सुरुवात दुसऱ्या बाजूने केली होती, कोणालाही न विचारता.