दंडातली काडी

“गोळी नको, ती आता अंगाला लागणारच नाही. सुई नको, तिनं वजन वाढतं. तांबी नको, पोरीच्या अंगात आधीच रक्त नाही. मग उरलं काय?” उबाल्दोच्या सासूनं, दोन्या ग्रिसेल्दानं, मागच्या सीटवरून विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, “जावईबापूंना अंगणात झोपवायचं, एवढंच उरलं.”

उबाल्दोनं दात आवळून हॉर्न वाजवला. समोर कुणीच नव्हतं.

स्टिअरिंग हाताला चटके देत होतं. एर्मोसियो शहरभरचे एसी दुरुस्त करणाऱ्या उबाल्दोला स्वतःच्या गाडीतला एसी दुरुस्त करायला वेळ मिळाला नव्हता. निघायला उशीर झाला होता तोही दोघींच्या उलट्यांमुळे. ऑपरेशन झालेल्या त्या घरात उलट्यांचं आता कुणाला काही वाटत नसे.

त्याची बायको नेरेइदा शेजारी बसून पाण्याचे बारीक घोट घेत होती. वसंतात तिचं पोट मुठीएवढं करून पुढचं आतडं वळवून जोडलं होतं. तिच्या आईनं, म्हणजे दोन्या ग्रिसेल्दानं, हेच ऑपरेशन आदल्या वर्षी करून घेतलं होतं, त्यामुळे या विषयात आईपुढे सर्जनचंही काही चालत नसे.

खरं तर मूल होत नाही म्हणूनच हा घाट घातला होता. नवस झाले, औषधं झाली, शेवटी डॉक्टरीण म्हणाली, आधी वजन उतरवा. वजन उतरू लागलं, तर सर्जननं बोट नाचवत बजावलं, “दीड वर्ष दिवस राहता कामा नयेत. आईला धोका, बाळालाही धोका.” ज्यासाठी इतकी वर्षं मेणबत्त्या लावल्या, तेच आता रांगेत उभं राहून टाळायचं होतं. उबाल्दोला हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. ऐकणारा आधी हसायचा.

आरोग्य केंद्रात नर्स मिर्नानं सगळं ऐकून घेतलं. “दंडात काडी बसवू. काडेपेटीतल्या काडीएवढी असते. तिचा पोटाशी संबंध नाही, आणि नको झाली की काढता येते.”

“मला तीच हवी,” नेरेइदा म्हणाली.

“माझ्या शेजारणीच्या भाचीची काडी फिरत फिरत पाठीत गेली होती,” दोन्या ग्रिसेल्दा म्हणाली.

“काडी कुणाला बसवायची आहे, दोन्या?”

“हिला.”

“मग हिला ठरवू द्या.” मिर्ना उबाल्दोकडे वळली. “आणि तुम्ही गाफील राहू नका. वजन उतरलं की दिवस पटकन राहतात. ज्यांनी आशा सोडलेली असते त्यांनाही.”

काडी बसवण्याआधी लघवीची चाचणी करायची होती. नेरेइदा बाटली घेऊन गेली आणि रिकामी घेऊन आली. थोड्या वेळानं पुन्हा गेली, पुन्हा तेच.

बाहेरच्या बाकावर सासूनं उबाल्दोला गाठलं. “दीड वर्ष. ऐकताय ना? पुरुषाला धीर कसला तो नसतोच. माझ्याकडे बघा, विधवा झाल्यापासून कशी सरळ राहते. आता तर माझं ते महिन्याचंही मिटलं. पॅडची पाकिटं सगळी हिला देऊन टाकली.”

उबाल्दोनं मान हलवली. वजन उतरल्यापासून सासूनं लाल लिपस्टिक आणि संध्याकाळचं फिरणं सुरू केलं होतं. एवढं फिरते तर थोडं बोलणंही उतरवावं, असं त्याला फार वाटे.

त्याचा फोन पुन्हा वाजला. कुठल्याशा म्हातारीचा एसी बंद होता आणि ती त्याच्या नावानं खडे फोडत होती. तेवढ्यात मिर्नानं दारातून डोकं काढलं. “मला लसीकरणाला जायचंय. आत्ता होत नसेल तर सोमवारी या.”

“सोमवारी?” उबाल्दो ओरडला. “पुन्हा हे सगळं?”

“घोटघोट पाणी पिते मी, येणार कुठून?” नेरेइदा रडकुंडीला आली.

“एवढंसं काम होत नाही तुमच्यानं!” दोन्या ग्रिसेल्दानं तिच्या हातातली बाटली ओढली. “चल माझ्याबरोबर.”

दोघी गेल्या आणि लगेच परतल्या. बाटली भरलेली होती.

“कसं जमलं?” उबाल्दोनं विचारलं.

“नळ सोडून ठेवला,” सासू म्हणाली. “लहानपणीही हिला असंच करायला लागायचं.”

नेरेइदा फरशीकडे बघत राहिली. उबाल्दोनं म्हातारीला फोन करून तासाभरात येतो म्हणून सांगितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्याला सासूबद्दल बरं वाटलं.

मिर्नानं तिघांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर काडीचं सामान मांडलेलं नव्हतं.

“आज काडी बसवता येणार नाही,” ती म्हणाली. “दिवस गेलेत.”

सर्जनचं नाचणारं बोट उबाल्दोच्या डोळ्यांपुढे आलं. तरी छातीत काहीतरी ऊबदार वर चढत गेलं, आणि ते चढतंय याची त्याला लाजही वाटली. त्यानं नेरेइदाचा हात दोन्ही हातांत धरला.

“घाबरू नकोस. आत्ताच्या आत्ता सर्जनकडे जाऊ. मी कामं सोडतो. आपण जपू गं, फार जपू.”

मग त्यानं खांदे आवळले. आता मागून तोफ सुटणार होती: पुरुष, धीर, अंगण.

तोफ सुटली नाही. त्यानं वळून पाहिलं. दोन्या ग्रिसेल्दा खुर्चीत बसली होती, पर्स पोटाशी घट्ट धरून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

नेरेइदानं आपला हात हळूच सोडवून घेतला.

“उबाल्दो, मला लघवी झालीच नव्हती,” ती म्हणाली. “बाटली आईनं भरली.”