शेंगा सांडणे

“‘स्पिल द बीन्स’ म्हणजे शेंगा सांडणे,” वेदश्री म्हणाली.

शेषगिरी वकिलांनी डोळे मिटले. ओठ हलले, पुन्हा आवळले गेले. बऱ्याच वेळानं एकच शब्द आला.

“गुपित.”

“गुपित सांडणे?”

“फोडणे,” वकील चिडून म्हणाले.

धारवाडमधल्या केलगेरीच्या त्या घरी तिचा तो पहिला दिवस. वकिलांचा मुलगा श्रीहर्ष बंगळूरला असतो. त्यानं वडिलांना फोनवर सांगितलं होतं, “ओळखीतली मुलगी आहे अप्पा. नोकरीच्या मुलाखती द्यायच्यात आणि इंग्रजी वाक्प्रचार कच्चे आहेत. जरा बघा.”

धारवाडच्या कोर्टात शेषगिरींच्या इंग्रजीचा दबदबा होता. पण दिवाळीत झटका आल्यापासून त्यांनी कोर्टात जाणं सोडलं होतं. कुणी भेटायला आलं की ते आतल्या खोलीत जाऊन पडायचे. मग त्यांच्या पत्नी, वेणूबाई, पाहुण्यांना चहा देऊन वाटेला लावायच्या.

वेदश्री मात्र टिकली. रोज संध्याकाळी ती हुबळीच्या विद्यानगरहून ‘चिगरी’ या जलद बसनं यायची आणि रोज चुकायची. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे तिच्या मते चंद्रग्रहण.

“क्वचित,” वकील म्हणाले. “फार क्वचित.”

‘ब्रेक द आइस’ म्हणजे फ्रिज साफ करणे, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग एका तिरसट न्यायाधीशाला पहिल्याच तारखेला आपण कसं बोलतं केलं होतं, ते सगळं सांगितलं. मध्ये मध्ये थांबले, पण शेवटपर्यंत सांगितलं.

उन्हाळा सरता सरता एकदा तिनं विचारलं, “‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ म्हणजे मांजराला पिशवीत कोंबू नये, असंच ना काका?”

वकील खो खो हसले. “अगं, तेही गुपित फोडणंच! तुला इंग्रजी शिकवलं कुणी? त्याच्यावर दावाच लावायला पाहिजे.”

स्वयंपाकघरात वेणूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दूध उतू चाललं होतं, तरी त्यांचा हात गॅसकडं गेला नाही.

शेवटी एका संध्याकाळी वेदश्री म्हणाली, “काका, आता जमेल मला. उद्यापासून येत नाही.”

वेणूबाईंनी तिची ओटी भरली आणि तिचे दोन्ही हात धरून ठेवले. “तू आमच्या घरी आलीस, एवढंच म्हणते,” त्या म्हणाल्या.

वेदश्री वकिलांच्या पाया पडायला वाकली. ते खुर्चीतून उठले.

“नका, पाया पडू नका.”

आजवर तिला ‘तू’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडचं ते ‘नका’ ऐकून ती चपापली.

वकिलांनी हात जोडले होते. “जन्मभर खोट्या साक्षी तपासल्यात मी, डॉक्टर. तुमची पहिल्याच दिवशी पकडली होती. पण गेलेली वाचा परत येत होती, म्हणून उलटतपासणी लांबवत राहिलो.”