शेवटून पहिला

ती गाडीतून उतरली तेव्हा सगळे टेकडीवरून केव्हाच खाली आलेले होते. पंधरा-सोळा सायकली चिखलाने माखून कुंपणाला टेकल्या होत्या. माणसं मात्र उभीच होती. ऊन चांगलं चढलं होतं, तरी एकानेही डोक्यावरचं हेल्मेट काढलं नव्हतं. चहाचा थर्मास दगडावर तसाच, झाकण लावलेला.

तिच्या हातात नवऱ्याची पिशवी होती. पिशवीत हवेचा पंप, साखळी जोडायचं हत्यार, दोन ट्यूब, मलमपट्टी आणि एक छोटी पितळी घंटा. तो घड्याळं दुरुस्त करायचा. घंटा एका मोडीत निघालेल्या, टोल देणाऱ्या घड्याळातली होती. गाडीत ती किणकिणायला लागली, तशी तिने ती रुमालात गच्च गुंडाळून टाकली होती.

त्याला जाऊन चोवीस दिवस झाले होते. दुकानातच गेला, खुर्चीत, डोळ्याला भिंग लावलेलं असताना. ती रडली नव्हती. "रड गं वहिनी, नाहीतर आतल्या आत दगड होशील," नणंद म्हणायची आणि स्वतःच रडायची. ही तिला पाणी आणून द्यायची. परवा भाजी चिरताना बोट कापलं, ते तिला फळीवर रक्त दिसल्यावर कळलं. जेवण नणंदेने पुढ्यात ठेवलं की घशाखाली जायचं, इतकंच.

पिशवी द्यायची आणि त्याच गाडीने परत फिरायचं, असं तिने ठरवलं होतं. बुधवारी त्याच्या सायकलवाल्यांपैकी सुतार घरी आला होता, तेव्हाच ती देऊन मोकळी होत होती. तोच नको म्हणाला. "ही अशी घरातून नेत नाहीत, काकू. पायथ्याशी हातातून हातात जाते. तुम्हीच या."

पिशवीवर पांढऱ्या रंगात एक कासव काढलेलं होतं. पोरांनी काढलं होतं. सगळे त्याला कासवकाका म्हणत. तिने ते दोनदा घासून घासून धुतलं, पण निघालं नाही. दर रविवारी सायकली घेऊन टेकडीवर गेलेली सबंध मंडळी दुपारी बाराच्या आत घरी. गल्लीतला न्हावी तर अंघोळ करून, पान खाऊन दारात उभा असायचा आणि हिचा माणूस दीड-दीड वाजता उगवायचा. तोवर ती जेवायची थांबायची. व्रत नव्हतं ते, सवय होती. दार उघडताना म्हणायची, "आले, शेवटून पहिले आले. वय झालंय तुमचं, झेपत नाही तर जाता कशाला?"

तो बूट काढता काढता हसायचा. "मागे कुणी राहिलं नाही ना, मग झालं."

हरलेल्या माणसाचं बोलणं, असं तिला वाटायचं.

"हे घ्या," तिने पिशवी पुढे केली. सुताराने हात पुढे केला नाही. त्याने बेकरीत काम करणाऱ्या पोरीला पुढे केलं. तिच्या कोपरावर खरचटल्याची खपली होती.

"आता शेवटची ही येणार," सुतार म्हणाला. "ठरलंय सगळ्यांचं."

"का? हिला नीट चालवता येत नाही?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"काकू," न्हावी म्हणाला, "शेवटी यायला सगळ्यांत तयार माणूस लागतो. कुणाची साखळी तुटली, कुणी आपटला, कुणाचे पाय गळाले, त्याला घेऊनच त्याने खाली यायचं, आणि चहा झाला की त्याला घरापर्यंत पोचवूनच स्वतःच्या घरी जायचं. काका आमच्यात सगळ्यांत जोरात चालवायचे. पहिल्या वर्षी मी त्यांच्या मागे लागलो होतो, अजून धाप लागते आठवून. तरी दर रविवारी ब्रेक दाबत यायचे."

ती कासवाकडे बघत राहिली.

"काका गेल्यावर पहिल्या रविवारी कुणी आलंच नाही," सुतार सांगू लागला. "दुसऱ्या रविवारी आलो. कुणी एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही. काका आहेत मागे, ही सवय. खाली येऊन घंटेची वाट बघत उभे राहिलो. अर्धा तास. मग एकेकाचा चेहरा उतरला. तेव्हा ही वर पडली होती, एकटी."

"मीपण काकांचीच वाट बघत होते," पोरगी हळूच म्हणाली.

तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "पण आज तर आलात ना सगळे? मग असे उभे का?"

"आलोय. पण घंटा झाली नाही." सुताराने खाली पाहिलं. "शेवटचा माणूस दोन टोल देतो. तोवर हेल्मेट काढायचं नाही, चहा ओतायचा नाही. काकांनीच घातलेला नियम. मागच्या रविवारी तसेच, हेल्मेट घालूनच घरी गेलो. ह्याने तर आरशासमोर उभं राहून काढलं."

"बायको म्हणाली, डोकं अडकलं की काय," न्हावी पुटपुटला.

तिने पिशवीत हात घातला. रुमालाची गाठ तिनेच मारलेली होती, सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. घंटा पोरीच्या हातात द्यायला ती वळली. पोरीने दोन्ही हात मागे घेतले.

"काकांचे टोल राहिलेत, काकू. ते तुम्ही द्या."

एक टोल. मग दुसरा. घरातल्या घड्याळाएवढाच बारीक आवाज होता तो.

हेल्मेटं निघाली. घामाने चपटे झालेले केस, कपाळावरचे वळ, न्हाव्याचं टक्कल. माणसं होती तिथेच मातीत बसली. कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवलं. तिने पिशवी पोरीच्या खांद्याला अडकवली आणि लांब पट्टा ओढून दोन भोकं आखूड केला.

"मागे कुणी राहिलं नाही ना?" तिने विचारलं.

पोरीने आधी वळून टेकडीकडे पाहिलं, मग मान हलवली.

तिने घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता, आणि चोवीस दिवसांत पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागली होती.