खंडेनवमीचा फोटो

खंडेनवमीच्या पाटावर सासऱ्यांच्या पान्यांशेजारी मी हॅमस्टरचा फोटो ठेवला.

"अगं, उंदीर काय पुजतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"गणपतीपाशी चालतो ना?"

माझी नणंद फोटोकडे बघत होती. तिच्या प्रयोगशाळेत या प्राण्यांना करोनाची लागण करून फुप्फुसं तपासतात. हे कळल्यावर, "ताई, माझ्या लेकीला हात लावू नका," असं मी सुनावलं होतं.

पुढे लेकीलाच करोना झाला. विषाणू ओसरला, तरी फुप्फुसांची सूज वाढत राहिली. डॉक्टरांनी ती वेळीच ओळखली. "अशी सूज आधी प्रयोगशाळेतल्या हॅमस्टरांमध्ये दिसली होती," ते म्हणाले. लेक वाचली.

मी फोटोला कुंकू लावलं. "ताई, याचं नाव काय?"

"नावं देत नाही आम्ही. मग जड जातं."

मी लेकीला उचलून ताईंच्या मांडीवर दिलं.