तीन गोल

“म्हातारीला ठिकरी खेळायला लावतेस होय गं?”

“ठिकरी नाही, आई. तू यंत्र आहेस. पहिल्या गोलात उभी राहा.” कॉम्प्युटर शिकलेल्या माझ्या लेकीनं, वैजूनं, अंगणात रांगोळीनं तीन गोल आणि त्यांना जोडणारे बाण काढले होते, शेवटचा गोल दुहेरी. “आपण फक्त नमुना लिहून द्यायचा: एक आ, मग निदान एक ई, पुढे हवे तितके. त्यावरून असे गोल आणि बाण प्रोग्रॅम स्वतःच आखतो. यंत्र एकेक अक्षर वाचत पुढे सरकतं. दुहेरी गोलात पोचलं, की शब्द ओळखला.”

साठीनंतर अक्षरं शिकले मी. बोट ठेवून अशीच वाचते. “आणि दुहेरी गोलातून निघालेला हा बाण फिरून त्याच गोलात का आलाय?”

“ई कितीही लांबला, तरी तिथंच राहायचं.” मग लहानपणी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मारायची, तशी तिनं हाक मारली, “आईईईई!” मी हसत दुहेरी गोलात जाऊन उभी राहिले.

आठवड्यानं ती नोकरीसाठी परदेशी गेली. फोनवर कायम घाईत असते. सकाळी सडा घातला की मी तेच तीन गोल काढते.

काल संध्याकाळी पहिल्या गोलात उभी होते, तोच गल्लीतून हाक आली, “आईईईई!” पाय आपोआप दुहेरी गोलापर्यंत गेले. शेजारची पोरगी दप्तर सावरत तिच्या घरात शिरली.

हाक मी बरोबर ओळखली होती. कोणाच्या लेकीची, ते वैजूनं नमुन्यात घातलंच नव्हतं. मी पुन्हा पहिल्या गोलात जाऊन उभी राहिले.