एक शिवी घाल

"नमस्कार शुभदा. घरी सगळे बरे आहेत ना? तब्येतीची काळजी घ्यावी." आणि खाली जोडलेले हात.

मेसेज वैदेहीच्या नंबरवरून आला होता, म्हणूनच शुभदा दचकली. पावणे एमआयडीसीतल्या औषध कंपनीत अकरा वर्षं दोघी माल तपासणाऱ्या एकाच लॅबमध्ये, एकमेकींच्या डब्यातलं खाऊन वाढलेल्या. वैदेहीचा मेसेज म्हणजे "म्हशे, कुठे मेलीस?" शुभदाला ताप आला तेव्हासुद्धा तिने लिहिलं होतं, "मर एकदाची, पण गोळी घेऊन मर."

शुभदाने तडक लॅबच्या ग्रुपवर टाकलं, "वैदेहीचा फोन हॅक झालाय. ओटीपी मागितला तर कोणी देऊ नका." सगळ्यांनी वाचलं. उत्तर मात्र एकाचंही नाही.

मग तिने वैदेहीला थेट फोनच लावला.

"मीच आहे," वैदेही म्हणाली. "उद्या साहेब केबिनमध्ये बोलावतील. गिऱ्हाइकाकडून परत आलेली ती खराब बॅच शुभदाने पास केली, असं मी लिहून दिलंय."

"अगं, पण ती तर तू पास केली होतीस!"

"मी लिहून दिलंय," वैदेहीने तेच पुन्हा सांगितलं.

शुभदाला एकदम हसूच आलं. नक्की कोणीतरी आवाज काढून बोलतंय. "ए, कोण आहेस तू? खरंच वैदेही असशील ना, तर एक शिवी घाल बघू मला. घाल ना!"



"शुभदाताई," पलीकडून आवाज आला, "प्लीज, तुम्ही समजून घ्या."