जड स्टिअरिंग

मास्तरांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, तेव्हा कुठे गाडीनं फाटकातून नाक बाहेर काढलं. एवढ्यानंच त्यांच्या कपाळाला घाम फुटला. गाडी तिथेच बंद करून ते खाली उतरले आणि समोरच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला त्यांनी हाक मारली.

"बघ. परवापर्यंत नुसता हात लावला की फिरत होतं. आज बैल ओढल्यासारखं ओढावं लागतंय."

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. पॉवर स्टिअरिंगचं तेल पाहिलं, पट्टा बोटानं दाबून पाहिला, वाकून गळती शोधली.

"यात काही दिसत नाही, मास्तर. पण वय झालं की—"

"कुणाचं?"

"गाडीचं म्हणतोय मी."

मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कालच मुलगा येऊन गेला होता. गाडी विकून टाका म्हणून त्यानं पुन्हा डोकं खाल्लं होतं, आणि जाताना याच मेकॅनिकशी उभ्या उभ्या काहीतरी कुजबुजला होता. म्हणजे आधी स्टिअरिंग जड करायचं, मग म्हातारा आपोआप हात टेकतो. ज्यानं उभं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या गावाला गाडी शिकवली, त्याच्याशीच ही हुशारी.

"काल काय सांगत होता तो तुला?"

"कोण?"

"सोंग घेऊ नकोस. माझा मुलगा."

"त्याच्या गाडीचा एसी बिघडलाय. गाडी कधी आणू म्हणून विचारत होता."

मास्तरांनी नुसतं "हं" केलं. मेकॅनिक मान खाजवत, तेल बदलून बघू म्हणून डबा आणायला निघून गेला.

बायको मघापासून गाडीत बसून होती, डाव्या सीटवर, पर्स मांडीवर धरून. गुडघ्याच्या व्यायामाला जायचं होतं. तिनं काच खाली केली.

"अहो, आज टॅक्सीनं गेलो तर?"

"काही गरज नाही. तू बस."

त्यांनी पुढच्या चाकापाशी बैठक मारली. टायर किंचित बसलेला दिसत होता. रविवारी तर त्यांनी स्वतः उभं राहून हवा भरून घेतली होती. ते उठून पलीकडच्या बाजूला गेले. तोही तेवढाच बसलेला. मागचे दोन्ही मात्र टणक. पंक्चर काही ठरवून दोन्ही चाकांना सारखं होत नाही. हवा कुणीतरी काढली होती. मास्तरांना मनातून जरा बरंच वाटलं, चोर हाती लागला होता. आता फोन करून चिरंजीवांची अशी हजेरी घ्यायची की पुन्हा गाडीचं नाव काढायला नको.

खात्री करायला म्हणून ते व्हॉल्व्हचं टोपण काढायला गेले. टोपण हलेना. रुमाल गुंडाळून पिळलं, तरी हलेना. शेवटी डिकीतून पकड आणली, तेव्हा ते निघालं, तेही तडकून.

टोपण हातात घेऊन मास्तर तसेच उकिडवे बसून राहिले. रविवारी हवा भरल्यावर त्यांनी स्वतःच ते नेहमीसारखं दोन बोटांनी हलकेच बसवलं होतं. मुलगा तर लहानपणापासून कशालाच झाकण लावत नाही. त्याची पाण्याची बाटलीही उघडी, पेस्टही उघडी. आणि घरातल्या मधाच्या बरणीपासून खोकल्याच्या औषधापर्यंत प्रत्येक झाकण असं पिळून बसवलेलं असायचं की उघडायला पुरुषमाणूस लागायचा. "आईचं झाकण आहे, बाबा, तुम्हीच या," असं मुलगा हसत ओरडायचा. घरातली जुनी थट्टा होती ती.

ते गाडीत येऊन बसले. टोपण त्यांनी तिच्यासमोर धरलं.

"हे तुझं काम."

ती नाही म्हणाली नाही. "केसातल्या पिनेनं काढली हवा," ती म्हणाली. "हवा कमी झाली की स्टिअरिंग जड होतं, हे जेवतानासुद्धा तुमच्याच तोंडून ऐकलंय."

"मला सरळ सांगायचं होतंस."

"तुम्हाला? गाडीबद्दल? मी?"

मास्तरांना राग आला होता. जिच्यावर शंका घ्यायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं, तिनंच हे करावं. ते बोलणार होते, पण टोपण हातातून निसटून खाली पडलं. ते उचलायला वाकले आणि तिचा पाय त्यांना दिसला.

उजवा पाय. गुडघा दुखत असूनही ताठ केलेला, पायपुसण्यावर गच्च दाबलेला.

स्कूलच्या गाडीत त्या जागी दुसरा ब्रेक असायचा, शिकवणाऱ्याचा. मास्तर तिथे बसून शिकणाऱ्याशी हसत, गप्पा मारत, छान चाललंय म्हणत, आणि पाय मात्र असाच तयार ठेवत. समोरच्याचा भरवसा वाटेपर्यंत तो हलत नसे. शिकणाऱ्याला त्याचा कधी पत्ता लागत नसे.

त्यांचा राग ओसरला, त्याच्या जागी भीती वाटू लागली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"शाळेसमोर ती सायकलवाली मुलगी आडवी आली ना, त्या दिवसापासून. थोडक्यात वाचली पोर."

मास्तरांनी आठवून पाहिलं. शाळा आठवली, वळण आठवलं. रस्ता तर मोकळा होता.

"कुठली मुलगी?"

गाडी बंद होती, किल्लीही अजून मास्तरांच्या खिशात होती. तरी तिचा पाय आणखी थोडा खाली दाबला गेला.